जुन्या घरगुती संगणकांचे कीबोर्ड आणि त्यांतील स्विच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक परिसरात १९८०च्या दशकातील घरगुती संगणक अजूनही निघतात. ते कधी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या एखाद्या अभियंत्याच्या माळ्यावर सापडतात, कधी परदेशातून परतलेल्या नातेवाइकांच्या ट्रंकेत, तर कधी बंद पडलेल्या संगणकवर्गाच्या अडगळीत. ते हाती येताच पहिली तक्रार बहुधा कीबोर्डाची असते : कळा उमटत नाहीत, एकदा दाबले की दोनदा उमटते, किंवा एक पूर्ण ओळच मुकी झालेली असते. ही यंत्रे दुरुस्त करताना आणि जपताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तरामागे एकच आग्रह आहे : कोणत्याही कीबोर्डाला हात लावण्यापूर्वी त्यातील स्विच कोणत्या जातीचा आहे, हे ओळखावे. एका जातीला मानवणारा उपाय दुसरीला कायमचा निकामी करू शकतो.

या यंत्रांच्या कीबोर्डाला इतके महत्त्व का द्यायचे? बिघडला तर दुसरा लावता येत नाही का?

आजच्या संगणकाला कोणताही कीबोर्ड जोडता येतो, कारण दोहोंमध्ये ठरलेली जोडणी आणि ठरलेली भाषा असते. बहुतेक जुन्या घरगुती संगणकांत असे काही नव्हते. कीबोर्ड हेच यंत्राचे वरचे झाकण असे, मुख्य बोर्ड त्याच्या खालीच असे आणि कळा वाचण्याचे काम बहुतेक वेळा मुख्य प्रोसेसरच करत असे. त्यामुळे एका मॉडेलचा कीबोर्ड दुसऱ्या मॉडेलला चालणे हा अपवाद ठरतो.

दुसरे कारण पैशाचे आहे. चांगला कीबोर्ड महाग पडत असे आणि स्वस्त संगणक बनवणाऱ्यांनी पहिली काटकसर तेथेच केली. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स ८१ हा १९८१ साली इंग्लंडमध्ये तयार स्थितीत ६९.९५ पौंडांना विकला जात होता, आणि त्या किमतीत सपाट प्लास्टिकच्या पत्र्याखेरीज दुसरा कीबोर्ड बसणे शक्य नव्हते. अटारी कंपनीने १९७९ साली दोन यंत्रे एकत्र आणली. त्यांपैकी ४०० या स्वस्त यंत्राला सपाट पत्रा होता आणि ८०० या महागड्या यंत्राला पूर्ण उंचीच्या कळा होत्या. कमोडोरचा १९७७ सालचा पेट २००१ कॅल्क्युलेटरसारख्या बारीक कळा घेऊन आला, आणि त्यावर इतकी टीका झाली की नंतरच्या आवृत्तीत कंपनीला मोठ्या कळा द्याव्या लागल्या. म्हणूनच यंत्र कोणासाठी आणि किती किमतीत बनवले होते, हे त्याच्या कीबोर्डावरून बरेचसे कळते. माझ्या मते मूळ कीबोर्ड गेलेला संगणक अपुरा असतो, मग आतील बोर्ड कितीही व्यवस्थित चालत असो.

कळ दाबल्याचे संगणकाला कसे समजते?

प्रत्येक कळेसाठी स्वतंत्र तार ओढणे परवडत नाही, म्हणून तारा आडव्या-उभ्या जाळीत मांडतात आणि प्रत्येक छेदावर एक कळ बसवतात. प्रोसेसर आडव्या तारांना एकामागून एक संकेत देतो आणि तो संकेत कोणत्या उभ्या तारेवर पोहोचला, हे पाहतो. झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये ८ गुणिले ५ अशी जाळी असून तिच्यात बरोबर ४० कळा बसतात. कमोडोर ६४ मध्ये ती ८ गुणिले ८ आहे. त्यातील ६६ कळांपैकी ६४ जाळीत आहेत, शिफ्ट लॉक ही डाव्या शिफ्टला समांतर जोडलेली अडकून राहणारी कळ आहे, आणि रिस्टोर ही कळ जाळीला पूर्णपणे वगळून थेट प्रोसेसरच्या व्यत्यय-संकेताला (चालू काम मध्येच थांबवायला लावणाऱ्या संकेताला) जोडलेली आहे. तिचा संकेत एका लहान कपॅसिटरमधून स्पंदाच्या रूपात जातो, म्हणून अनेक यंत्रांवर रिस्टोर कळ हलकेच दाबल्यास काहीच घडत नाही, जोरात मारावी लागते. हा बिघाड नव्हे.

काही यंत्रांनी वेगळे मार्ग घेतले. टीआरएस-८० मॉडेल १ मध्ये कीबोर्ड हा मेमरीचाच एक भाग असल्याप्रमाणे वाचला जातो. अ‍ॅपल २ मध्ये कळेचा तयार संकेतांक बनवणारी वेगळी चिप असते. अटारी एसटी आणि अमिगा या नंतरच्या यंत्रांत कीबोर्डाला स्वतःचा छोटा प्रोसेसरच दिलेला आहे.

स्विचच्या मुख्य जाती कोणत्या?

पहिली जात सपाट मेम्ब्रेनची. प्लास्टिकच्या दोन पातळ पत्र्यांवर वाहक शाईने रेषा छापलेल्या असतात, मध्ये भोके असलेला तिसरा पत्रा असतो, आणि बोट दाबले की भोकातून दोन्ही रेषा टेकतात. झेडएक्स ८०, झेडएक्स ८१ आणि अटारी ४०० हे याच जातीचे. सांडलेला चहा आत जात नाही हा तिचा गुण, आणि कळ दाबली गेली की नाही हे बोटाला समजत नाही हा दोष.

दुसरी जात म्हणजे त्याच मेम्ब्रेनवर रबराची चटई. १९८२ सालचा स्पेक्ट्रम याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच्या ४० कळा हा रबराचा एकसंध तुकडा असून तो धातूच्या पत्र्यातील छिद्रांतून वर डोकावतो. येथे रबर वीज वाहत नाही, ते केवळ मेम्ब्रेनवर दाब देते.

तिसरी जात दिसायला दुसरीसारखी वाटते, पण विजेच्या दृष्टीने अगदी वेगळी आहे. तिच्यात प्रत्येक कळेच्या दट्ट्याखाली कार्बनमिश्रित वाहक रबराची काळी टिकली असते, ती थेट सर्किट बोर्डावरील दोन पट्ट्यांना जोडते, आणि कळ वर आणण्याचे काम वेगळी स्प्रिंग करते. व्हिक-२० आणि कमोडोर ६४ यांचे बहुतांश कीबोर्ड असे आहेत. घरगुती यंत्रांमध्ये हीच जात मला सर्वांत दुरुस्तीयोग्य वाटते, कारण तिचा प्रत्येक भाग सुटा होतो.

चौथी जात खऱ्या यांत्रिक स्विचची. येथे प्रत्येक कळेखाली स्वतंत्र डबी असते आणि तिच्यात धातूच्या पात्या एकमेकींना टेकतात. बीबीसी मायक्रो, अ‍ॅकॉर्न इलेक्ट्रॉन, अ‍ॅपल २ आणि टीआरएस-८० यांचे कीबोर्ड या गटात येतात. चेरी आणि आल्प्स ही आज शौकिनांच्या तोंडी असलेली नावे याच गटातील आहेत, पण त्या काळी हाय-टेक, फुताबा, स्टॅकपोल आणि मित्सुमी असे आणखी अनेक उत्पादक होते.

पाचवी जात धारकतेवर, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर, चालते आणि तिच्यात धातू धातूला टेकतच नाही. की ट्रॉनिक कंपनीच्या कीबोर्डांत कळेखाली फोमची चकती आणि तिच्या तळाशी धातूचा मुलामा दिलेले पातळ प्लास्टिक असते. चकती बोर्डाजवळ आली की धारकता बदलते आणि तो बदल सर्किट ओळखते. १९७६ सालचा सोल-२० आणि १९८३ सालचा अ‍ॅपल लिसा हे असे आहेत. आयबीएम पीसीचा १९८१ सालचा ८३ कळांचा कीबोर्डही धारकतेवरच चालतो, मात्र तेथे फोमऐवजी दाबल्यावर एका बाजूला वाकणारी स्प्रिंग आहे आणि तिच्यामुळेच तो खणखणीत आवाज येतो. १९८५ नंतरच्या मॉडेल एममध्ये स्प्रिंग तीच राहिली, पण खाली मेम्ब्रेन आले.

चुंबकावर चालणारे हॉल परिणामाचे स्विच आणि काचेच्या नळीतील रीड स्विच हेही अस्तित्वात होते, परंतु ते प्रामुख्याने महागड्या टर्मिनलांत आणि औद्योगिक उपकरणांत असत. घरगुती यंत्रांत ते क्वचितच भेटतात.

न उघडता जात ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. कळ अगदी हळू दाबावी. जिथे मध्येच घुमट बसल्यासारखे जाणवते, तिथे रबर आहे. तळापर्यंत सरळ आणि वाढत्या विरोधाने जाणारी कळ यांत्रिक किंवा वाहक रबराची असू शकते, आणि तळाशी गादीवर आपटल्यासारखी मऊ थांबणारी कळ फोमची असण्याची शक्यता असते. त्यानंतर एकच कळ, शक्यतो कोपऱ्यातील, तारेच्या कळ-काढणीने सरळ वर ओढावी. खाली मोठी उघडी स्प्रिंग दिसली तर कमोडोरची पद्धत समजावी, आणि बंद डबी दिसली तर यांत्रिक. स्पेसबार मात्र प्रथम काढू नये, कारण त्याखालची तोल सांभाळणारी तार वाकते किंवा तिचे प्लास्टिकचे हूक तुटतात.

केवळ मॉडेलच्या नावावर विसंबू नये, हे येथे जोर देऊन सांगावेसे वाटते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-९९/४ए मध्ये वेगवेगळ्या उत्पादकांचे कीबोर्ड बसवले गेले आणि त्यांतील काही यांत्रिक, तर काही मेम्ब्रेनचे आहेत. अमिगा ५०० आणि अ‍ॅपल २ई यांच्याबाबतीतही असेच आहे. बाहेरून सारखी दिसणारी दोन यंत्रे आतून भिन्न असू शकतात, म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावर यशस्वी ठरलेला उपाय आपल्या यंत्रावर तसाच करू नये.

माझ्या स्पेक्ट्रमच्या काही कळा उमटत नाहीत. दोष कुठे शोधायचा?

कोणत्या कळा मेल्या आहेत, याची यादी आधी कागदावर करावी. निम्म्याहून अधिक निदान तेथेच होते. मुख्य बोर्डावर मेम्ब्रेनच्या दोन शेपट्या जातात, एक ८ रेषांची आणि दुसरी ५ रेषांची. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी अशा शेजारच्या पाच कळा एकत्र गेल्या असतील, तर ८ रेषांच्या शेपटीतील एक रेष तुटली आहे. आणि १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट, ०, पी, एंटर व स्पेस अशा विखुरलेल्या आठ कळा गेल्या असतील, तर दोष ५ रेषांच्या शेपटीत आहे. एखादीच कळ मेली असेल, तर त्या जागेवरील शाई झिजली आहे किंवा तेथे ओल गेली आहे.

बहुतेक वेळा शेपट्याच तुटलेल्या असतात. चाळीस वर्षांत ते प्लास्टिक कडक आणि ठिसूळ होते व बोर्डावरील सॉकेटच्या तोंडाशी चिरते. म्हणून खालचे पाच स्क्रू काढल्यावर झाकण झटक्याने कधीही उचलू नये. ते किंचित वर करून आत पाहावे, शेपट्या सरळ वर ओढून सॉकेटमधून सोडवाव्यात आणि मगच दोन भाग वेगळे करावेत. शेपटीचे टोक थोडेच चिरले असेल, तर तेवढा भाग कात्रीने सरळ कापून उरलेली शेपटी पुन्हा बसवता येते, पण लांबी मुळातच कमी असल्याने ही सवलत एकदाच मिळते. त्या रेषांवर सोल्डर करण्याचा प्रयत्न करू नये, प्लास्टिक लगेच वितळते.

जुने मेम्ब्रेन ठिसूळ झाले असेल, तर नवे लावणे हाच योग्य मार्ग आहे. स्पेक्ट्रमसाठी नव्याने बनवलेली मेम्ब्रेन मिळतात आणि ती मुळापेक्षा चांगली टिकतात. धातूचा दर्शनी पत्रा मात्र चिकटवलेला असल्याने तो काढताना वाकतो. केस वाळवण्याच्या यंत्राने मंद ऊब देत, पातळ प्लास्टिकची पट्टी कडेने सरकवत, घाई न करता तो सोडवावा. नवे मेम्ब्रेन लावूनही तीच ओळ मुकी राहिली, तर दोष बोर्डावर आहे, आणि आठ रेषांसाठी असलेले आठ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे घटक) प्रथम तपासावेत.

स्पेक्ट्रम प्लसला कळा जास्त आहेत, मग जाळीही मोठी आहे का?

नाही. १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसमध्ये ५८ कठीण कळा आहेत, पण बोर्ड जुनाच आहे. डिलीटसारखी वाढीव कळ दाबली की मेम्ब्रेनच्या जादा थरांमुळे कॅप्स शिफ्ट आणि ० या दोन्ही जागा एकदम जुळतात. म्हणूनच हे मेम्ब्रेन अधिक गुंतागुंतीचे आहे आणि साध्या स्पेक्ट्रमचे मेम्ब्रेन त्यात चालत नाही. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा याच रचनेचा होता, त्यामुळे भारतीय यंत्र हाती असले तरी हेच नियम लागू होतात.

कमोडोर ६४ चा कीबोर्ड घरी साफ करता येईल का?

येईल, आणि हे काम शिकण्यासाठी याहून चांगले यंत्र नाही. आधी कीबोर्डाचा फोटो काढावा. सर्व कळा सरळ वर ओढून काढाव्यात व त्यांच्या स्प्रिंग एका डबीत ठेवाव्यात. कीबोर्ड उलटा केल्यावर शिफ्ट लॉकला जाणाऱ्या दोन तारांचा सोल्डर सोडवावा लागतो. हे विसरून बोर्ड ओढल्यास तारा किंवा तांब्याची पट्टी उखडते. नंतर मागचे सर्व बारीक स्क्रू काढले की सर्किट बोर्ड सुटा होतो. बोर्डावरील पट्ट्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने हळुवार पुसाव्यात. दट्ट्याखालच्या काळ्या टिकल्या स्वच्छ कोऱ्या कागदावर हलकेच घासाव्यात. पॉलिश पेपर किंवा ब्लेड अजिबात वापरू नये, कारण वाहक थर एकदा खरवडला गेला की परत येत नाही. टिकली आणि पट्टी यांच्यामधला रोध मल्टिमीटरवर काही शे ओम असेल तर कळ उमटते. तो अनेक हजारांवर गेला असेल तर टिकलीला ग्रॅफाइटयुक्त वाहक रंग लावता येतो.

पुन्हा जोडताना स्क्रू फार आवळू नयेत, त्यांची प्लास्टिकची भोके जुनी झालेली असतात. साफ करूनही एक पूर्ण ओळ मुकी असेल, तर दुसऱ्या कमोडोरचा कीबोर्ड लावून पाहावा. व्हिक-२० चा कीबोर्डही यासाठी चालतो. तरीही ती ओळ मुकी राहिली तर दोष कीबोर्डात नसून ६५२६ या चिपमध्ये आहे. कीबोर्डाच्या तारा आणि जॉयस्टिकच्या तारा या चिपला थेट जोडलेल्या असल्याने अंगावरील स्थिर विजेचा झटका ती सोसू शकत नाही. नाशिकच्या कोरड्या थंडीत, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, यंत्राला हात लावण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

शाळेतून आलेला बीबीसी मायक्रो माझ्याकडे आहे. त्याचा कीबोर्ड वेगळा आहे का?

वेगळा आहे आणि फार उत्तम आहे. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पात शाळांना हीच यंत्रे दिली गेली, आणि सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने एससीएल युनिकॉर्न या नावाने ती भारतात जोडलीही. यातील कीबोर्ड स्वतंत्र बोर्डावर असून १७ तारांच्या पट्टीने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. जाळी वाचण्यासाठी त्याच बोर्डावर मोजणी करणाऱ्या चिप आहेत, त्यामुळे कळ दाबली गेल्याखेरीज मुख्य प्रोसेसरला त्यात वेळ घालवावा लागत नाही. ब्रेक कळ यंत्र थेट रीसेट करते, म्हणून ती सतत दाबलेली राहिल्यास यंत्र पूर्ण मेल्यासारखे दिसते. असे यंत्र आले तर पॉवर सप्लाय उघडण्याआधी ब्रेक कळ तपासावी.

शाळेतील यंत्रांत खडूची पूड हा मोठा शत्रू असतो. ती स्विचच्या आत जाऊन पात्यांमध्ये बसते. ब्लोअरने किंवा मऊ कुंचल्याने कोरडी पूड आधी काढावी आणि मगच संपर्क-स्वच्छक द्रव्याचा एक थेंब दट्ट्याच्या कडेने सोडून कळ अनेकदा दाबावी. पूड असताना द्रव सोडल्यास तिचा चिखल होतो आणि मग तो स्विच सोल्डर काढून बदलण्यावाचून मार्ग राहत नाही.

एकदा कळ दाबली तर अक्षर दोनदा उमटते. असे का?

धातूच्या दोन पात्या टेकताना लगेच स्थिर होत नाहीत, त्या काही मिलिसेकंद उसळत राहतात. संगणकाने या काळात दोनदा पाहिले तर त्याला दोन वेगळे दाब वाटतात. म्हणून वाचणारा प्रोग्रॅम थोडा थांबून खात्री करतो. टीआरएस-८० मॉडेल १ मध्ये ही खबरदारी अपुरी पडली आणि दुहेरी अक्षरांच्या तक्रारी इतक्या आल्या की ‘केबीफिक्स’ नावाचा दुरुस्ती प्रोग्रॅम कॅसेटवर द्यावा लागला. तो दर वेळी प्रथम चढवावा लागे. आज असे यंत्र हाती आले तर आधी पात्या स्वच्छ कराव्यात, कारण मळलेली पाती अधिक काळ उसळते.

तीन कळा एकदम दाबल्या की चौथेच अक्षर का येते?

जाळीत आयताच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकाच वेळी दाबल्या की वीज वळसा घालून चौथ्या कोपऱ्यावर पोहोचते आणि प्रोसेसरला तीही दाबलेली वाटते. प्रत्येक कळेला डायोड दिला की हे थांबते, पण तेवढा खर्च घरगुती यंत्रांत कोणी करत नसे. हा बिघाड नसून रचनेची मर्यादा आहे.

साफसफाईसाठी काय वापरावे आणि काय टाळावे?

९९ टक्क्यांचे आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मऊ कुंचला आणि कापसाच्या काड्या एवढ्याने बहुतेक कामे होतात. सुट्या काढलेल्या कळा कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे थेंब टाकून भिजवाव्यात व सावलीत पूर्ण वाळवाव्यात. गंज सोडवण्याचे फवारे यांत्रिक स्विचमध्ये मारू नयेत, त्यांचा तेलकट थर आत राहतो आणि धूळ धरतो. नखांचा रंग काढण्याचा द्रव, पेट्रोल आणि थिनर प्लास्टिकला खातात. मेम्ब्रेनवरील छापील रेषांना अल्कोहोलही जपूनच लावावे, कारण काही शाया त्यात सुटतात. आधी कडेला एक ठिपका लावून पाहावा.

फोमच्या कीबोर्डात साफसफाईचा उपयोगच नसतो, कारण तेथे फोम कुजून भुगा झालेला असतो आणि चकत्या बदलाव्या लागतात. अशा कीबोर्डाला मल्टिमीटर लावून ‘एकही स्विच जुळत नाही’ असा निष्कर्ष काढणारे अनेक जण भेटतात, परंतु धारकतेच्या स्विचमध्ये वीज सलग वाहतच नसल्याने मल्टिमीटर तेथे काहीही दाखवणार नाही.

पिवळ्या पडलेल्या कळा पुन्हा पांढऱ्या होतात का?

होतात, काही काळापुरत्या. एबीएस प्लास्टिक आणि त्यात आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनयुक्त द्रव्ये प्रकाश व उष्णतेने बदलतात आणि रंग पिवळा होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांच्या संयोगाने तो उतरतो. औषधाच्या दुकानात मिळणारे ६ टक्क्यांचे पेरॉक्साइड पुरते, मात्र कळा त्यात पूर्ण बुडलेल्या आणि सतत हलवलेल्या असाव्यात, नाहीतर चट्टे पडतात. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात हे काम लवकर होते, पण द्रावण फार तापून प्लास्टिक वाकू नये म्हणून सकाळचे ऊन निवडावे. हातमोजे आणि चष्मा वापरणे आवश्यक आहे. माझे स्पष्ट मत असे की एकसारखा पिवळेपणा असेल तर तो तसाच राहू द्यावा. रंग कालांतराने परत येतोच, आणि छापील अक्षरांच्या कळांना या प्रक्रियेत धोका असतो.

पावसाळ्यात कीबोर्ड कसा जपावा?

जून ते सप्टेंबर या काळात घरातील ओलाव्याने स्प्रिंगांना गंज येतो आणि मेम्ब्रेनच्या थरांमध्ये दमटपणा अडकतो. यंत्र हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि जेलचा रंग बदलला की पुड्या बदलाव्यात. कळांवर दुसरे काहीही रचू नये. महिनाभर दाबून राहिलेला रबरी घुमट पुन्हा उठत नाही. उघडीप असेल त्या दिवशी यंत्र बाहेर काढून सर्व कळा एकेकदा दाबाव्यात, संपर्कावर जमणारा थर त्याने मोडतो.

दुरुस्तीपूर्वी यंत्र सुरू करून पाहणे सुरक्षित आहे का?

पॉवर सप्लाय तपासल्याखेरीज नाही. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्ट जोडणीत मधला खिळा ऋण असतो, तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांत तो धन असतो. कमोडोर ६४ चा मूळ पॉवर सप्लाय जुना झाला की ५ व्होल्टऐवजी अधिक दाब देऊन चिप जाळतो. कीबोर्ड तपासण्यासाठी यंत्र सुरू करावेच लागते असे नाही : तो सोडवून जाळीच्या तारांवर मल्टिमीटर लावला आणि कळ दाबली, तरी मेम्ब्रेनचे, वाहक रबराचे आणि यांत्रिक असे तिन्ही प्रकार तपासून होतात.

सुटे भाग कुठे मिळतील?

आयसोप्रोपाइल, सोल्डर, डायोड, रिबन केबल अशा गोष्टी नाशिकमधील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. न मिळाल्यास मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठावी. खास मेम्ब्रेन परदेशातून मागवावी लागतात. अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगारवाल्यांकडे जुन्या कारखान्यांतील टर्मिनले येत असत, आणि त्यांच्या कीबोर्डांतून निघालेले स्विच आजही संग्राहकांकडे आहेत. भंगारात असे काही दिसल्यास कळा उपटून न घेता अख्खा कीबोर्ड घ्यावा. सुट्या कळांपासून यंत्र परत उभे करता येत नाही.

मूळ स्विच काढून त्या जागी आधुनिक स्विच बसवावेत का? किंवा तो कीबोर्ड यूएसबीवर घ्यावा का?

यूएसबीवर घेण्यास माझी हरकत नाही, अट एवढीच की मूळ तार कापू नये. जाळीच्या सॉकेटला बाहेरून छोटा मायक्रोकंट्रोलर जोडून हे काम होते आणि केव्हाही पूर्ववत करता येते. मूळ स्विच काढून टाकण्याला मात्र माझा विरोध आहे. चालू असलेला कीबोर्ड केवळ टंकण्याच्या सुखासाठी बदलणे म्हणजे त्या यंत्राची ओळख पुसणे होय. ज्यांना उत्तम यांत्रिक कळांवर टंकायचे आहे, त्यांच्यासाठी टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड आपल्याकडे वर्षानुवर्षे बँकांच्या काउंटरवर, सरकारी कचेऱ्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत वापरला गेला आहे. चेरीचे निळे, टिकटिक वाजणारे स्विच त्यात असत आणि जुना नग साफ करून घेतला तर तो रोजच्या कामाला उत्तम चालतो.

या यंत्रांवर मराठी टंकता येते का?

मर्यादित प्रमाणात येते. स्पेक्ट्रममध्ये वापरकर्त्याला स्वतः रेखाटता येतील अशी २१ चिन्हे आहेत, आणि संपूर्ण अक्षरसंच मेमरीत दुसरीकडे ठेवून बदलण्याचीही सोय आहे. अडचण कीबोर्डाची आहे. १९८६ साली ठरलेली इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी मोठा कीबोर्ड गृहीत धरते आणि ४० कळांत ती बसत नाही, त्यामुळे मात्रांसाठी आणखी एक शिफ्ट योजावी लागते. कळांवर चिकटपट्ट्या लावणार असाल तर कठीण कळांवरच लावाव्यात. रबरावर त्या टिकत नाहीत आणि काढताना मूळ छपाई घेऊन निघतात.

कीबोर्डाच्या आकाराचे टीव्ही गेम याच प्रकारात मोडतात का?

कालखंडाने ते नंतरचे आहेत आणि आतील यंत्रणा व्हिडिओ गेमची आहे, पण दुरुस्तीच्या दृष्टीने कीबोर्ड ओळखीचाच असतो : प्लास्टिकच्या कळा, खाली रबर आणि त्याखाली मेम्ब्रेन किंवा कार्बनच्या पट्ट्यांचा बोर्ड. मेम्ब्रेन निघाले तर स्पेक्ट्रमसाठी सांगितलेली काळजी घ्यावी, आणि कार्बनच्या पट्ट्या निघाल्या तर कमोडोरसाठी सांगितलेली.